डावीकडची ओढ

डॉक्टरला त्या दुपारी गॅरेजमध्ये यायचंच नव्हतं. तो आपला सरळ घरी निघाला होता. डोंगरावरच्या वस्तीत एका अडलेल्या गाईपाशी तो सकाळपासून बसला होता. शेवटी वासरू चारी पायांवर उभं राहिलेलं डोळे भरून पाहून, कोपरापर्यंत भिजलेल्या बाह्यांनी तो खाली उतरत होता. कच्चा रस्ता संपून डांबरी सुरू होतो, त्या वळणावर त्याने स्टिअरिंग फिरवलं. ते फिरलंही... पण जीपने ते मनावर घेतलं नाही. ती आपल्याच तंद्रीत डावीकडे सरकत गेली, गॅरेजच्या आवारात शिरली आणि जुन्या टायरांच्या थप्पीला अलगद टेकून उभी राहिली.

वरचा टायर क्षणभर डुगडुगला, खाली पडला आणि गडगडत जाऊन धाकटीच्या पायाशी आडवा झाला.

धाकटी तेव्हा एका ट्रॅक्टरच्या इंजिनात डोकं घालून उभी होती. गॅरेज तिच्या वडिलांचं. थोरली बहीण लग्न करून दूर गेली, पाठीच्या दुखण्यामुळे बाबांचं वाकणं बंद झालं आणि पाने-पकडी सगळं आपसूक धाकटीच्या हाती आलं. घरातलं हे नाव मग गावाचंच झालं. ‘एकदा धाकटीला दाखव,’ असं कुणी म्हणालं, की ट्रॅक्टरवाल्याला, दूधवाल्याला, सगळ्यांना बरोबर कळायचं.

तिने टायरकडे पाहिलं, मग जीपकडे, मग जीपमधल्या माणसाकडे. त्याच्या केसांत गवताची एक काडी अडकलेली होती आणि चेहऱ्यावर, एवढं होऊनही, कसलंतरी समाधान होतं.

“ब्रेक लागत नाहीत का?” तिने विचारलं.

“लागतात ना. थांबलो की.”

“टायरांवर थांबलात.”

“हो, पण हळूच.”

तिने खिडकीतून हात घालून स्टिअरिंग दोन बोटांनी हलवलं. ते वीतभर इकडे गेलं, वीतभर तिकडे गेलं. पुढची चाकं मात्र जागची हलली नाहीत.

“हे असं कधीपासून आहे?”

“पहिल्यापासून,” तो म्हणाला. “मला वाटलं, जुन्या गाडीला एवढी मोकळीक द्यायची असते.”

“आणि तुम्ही हिला डोंगरात नेता?”

“तीच मला नेते. मी फक्त अधूनमधून सुचवतो.”

धाकटी चटकन चाक बघायला खाली वाकली. कामाच्या वेळी गिऱ्हाइकासमोर हसायचं नाही, असा तिचा नियम होता. ते हसू तिने चाकामागे उरकून घेतलं.

पलीकडे खुर्चीवर बसलेले बाबा एवढ्यात बोलले. ते जागचे फारसे हलत नसत, पण त्यांचं लक्ष चौफेर असे. “गाडी ठेवून जा, डॉक्टर. अशी गाडी घेऊन घाटरस्त्याला लागायचं नाही.”

“पण मला लवकरच वर जायचंय,” डॉक्टर म्हणाला. “कळप खिंडीपलीकडच्या कुरणांवर निघालेत. ते पोहोचले की मलाही तिकडे मुक्कामाला जायचं. गवत वाळेपर्यंत.”

“मग तर ठेवूनच जा,” धाकटी म्हणाली.

असा तो आला.

जीपच्या पुढच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यांची टोकं पार झिजली होती. धाकटीने ती बदलली, स्टिअरिंग हलवून पाहिलं. ते आता बरंच घट्ट लागलं. तिला वाटलं, झालं काम. पण डॉक्टर जीप घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी परत आला, तो ओशाळं हसत.

“डांबरी रस्त्यावर अगदी शहाण्यासारखी वागते,” तो म्हणाला. “कच्च्या रस्त्याला लागली की पुन्हा भटकते. तुम्ही... तुम्ही स्वतः बसून बघाल का?”

म्हणून ती त्याच्या शेजारी, डाव्या बाजूच्या सीटवर बसली. बघायला. कामापुरतंच.

डोंगराकडचा रस्ता त्या दिवसांत धुक्याचा असायचा. झाडांचे बुंधे दिसायचे, शेंडे दिसायचे नाहीत. जीपमध्ये औषधांचा, ओल्या लोकरीचा आणि सुकलेल्या गवताचा मिळून एक उबदार वास होता. खड्डा आला की जीप एका अंगाला जायची, पुढच्या खड्ड्याला दुसऱ्या अंगाला. डॉक्टरची मनगटं सारखी हलत होती. थोडं इकडे, थोडं तिकडे, झोपेला आलेल्या बाळाला मांडीवर हलवावं तशी. त्याला स्वतःला ते कळतही नसावं. धाकटी समोरच्या चाकांचा अंदाज घ्यायचा सोडून त्या मनगटांकडे बघत राहिली.

“आता बघा... आता जाईल,” तो म्हणाला, आणि जीप गेली.

“तुम्हाला आधीच कसं कळतं?”

“सवय. जनावर बिथरायच्या आधी कान हलवतं ना, तसं हिचंही काहीतरी असतं.”

“ही जनावर नाही, डॉक्टर. हिचं काहीतरी सैल आहे.”

“ते तुम्ही शोधा. मी कानांकडे बघतो.”

परत येताना तो म्हणाला, “तुम्ही नेहमी अशा... गिऱ्हाइकांबरोबर फिरून येता?”

“ट्रॅक्टरला दुसरी सीट नसते,” धाकटी म्हणाली आणि बाहेर धुक्याकडे बघू लागली. गाल उगाचच गरम झाले होते.

दुसऱ्या दिवशी तिने त्याला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं आणि स्वतः गोणपाट अंथरून जीपखाली गेली. चाकं जमिनीवर टेकलेली हवीत, वरून एकाने स्टिअरिंग हळूहळू हलवायचं आणि खालून दुसऱ्याने एकेक सांधा निरखायचा. सैल काय आहे ते असंच सापडतं. एरवी हे काम दूधवाला नाहीतर ट्रॅक्टरवाला, जो हाताशी असेल तो करायचा. आज डॉक्टर होता.

“डावीकडे,” ती खालून म्हणाली. “आता उजवीकडे. हळू... गाय नाही ती.”

“गाईला मी याहून हळू हात लावतो.”

“मग तसा लावा.”

वर स्टिअरिंग हलायचं थांबलं. आपण काय बोललो ते धाकटीच्या उशिरा लक्षात आलं आणि तिने समोरच्या नटाकडे असं रोखून पाहिलं, की जणू सगळा दोष त्याचाच.

“तुमच्या कपाळाला काळं लागलंय,” थोड्या वेळाने वरून आवाज आला.

“तुम्हाला कसं दिसलं?”

“इथे पायाशी एक भोक आहे. रबर पडलेलं दिसतंय.”

“त्यातून काय काय दिसतं?”

“एवढंच. कपाळ...” तो थांबला. “आणि आता एक डोळा.”

तिने मान वळवली. भोकाच्या वर, उजेडात, त्याचाही एकच डोळा दिसत होता. हसरा. ती काहीतरी खरमरीत बोलणार होती, पण तेवढ्यात त्याच्या हाताखाली स्टिअरिंग जरासं सरकलं आणि डोक्याशेजारी कुठेतरी ‘टक्’ असा बारीक आवाज झाला.

“थांबा,” ती म्हणाली. आवाज पार बदलला होता. “परत डावीकडे. परत.”

स्टिअरिंगचा बॉक्स जिथे चॅसीला बोल्टने पक्का केलेला असतो, तिथे चिखलाचं जाड पुट बसलेलं होतं. तिने ते खरवडलं. खाली लोखंडात केसासारखी एक चीर गेली होती. बॉक्समध्ये काही बिघाड नव्हता, दांड्याही नव्या होत्या. ज्याला सगळं धरून होतं, तेच फाटत चाललं होतं.

“डॉक्टर, खाली या.”

तो आला. गोणपाटाच्या उरलेल्या तुकड्यावर तिच्या शेजारी आडवा झाला. तिने हाक मारली तसे बाबा काठी टेकत आले आणि खिडकीतून त्यांनी स्टिअरिंग हलवलं. चीर उघडली. मिटली. पुन्हा उघडली.

डॉक्टर त्या चिरेकडे बघत राहिला. खिंडीकडच्या रस्त्याला एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला नुसतं धुकं असतं. तो रस्ता दोघांच्याही डोळ्यांसमोर आला असावा.

“हे कधीही सुटलं असतं?”

“कधीही.”

तिला एकदम थंडी वाजली. लोखंड तिने आजवर कितीतरी फाटलेलं पाहिलं होतं, पण कुठल्या चिरेची तिला अशी भीती वाटली नव्हती. शेजारी त्याचा खांदा तिच्या खांद्याला टेकला होता, आणि तो तिथे आहे, धड आहे, एवढंच तिला पुरेसं वाटत होतं. ती घाईघाईने बाहेर सरकली.

चिरेच्या दोन्ही टोकांना तिने बारीक भोकं पाडली, म्हणजे ती पुढे धावणार नाही. मग वेल्डिंग केलं, वर जाड पट्टी बसवली आणि तीही चारी बाजूंनी जोडून घेतली. बाबांनी वेल्डिंगवरून अंगठा फिरवला. “माझ्याहून चांगलं झालंय,” ते म्हणाले. हे वाक्य तिने त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

आणि तरीही जीप डावीकडे ओढायला लागली.

पुन्हा ती शेजारी बसली. पुन्हा तेच धुकं, तोच उबदार वास. जीप सरळ जायची, जायची, आणि मधेच हलकेच डावीकडे कलायची. डॉक्टर ‘बघा’ म्हणायचा. धाकटी परत येऊन जीपखाली शिरायची. वेल्डिंग पक्कं. दांड्या पक्क्या. चाकांची हवा सारखी. दुसऱ्या दिवशी तोच प्रकार, त्याच्या पुढच्या दिवशीही. मधेच तो रस्त्याकडेला जीप थांबवून तिला पाखरांची घरटी दाखवायचा, थर्मासमधला चहा झाकणात ओतून द्यायचा. तिला ते सगळं आवडत होतं, आणि तेवढीच मनाला टोचणीही लागत होती. वेल्डिंगवर बाबांनी अंगठा फिरवला होता. मग चुकलं कुठे? काम उरकल्यावर हात धुतानाही ती तोच विचार करायची.

“आधी दोन्हीकडे भटकायची,” ती एकदा जेवताना बाबांना म्हणाली. “आता फक्त डावीकडे जाते. असं कसं होईल?”

“डावीकडे कोण बसतं?” बाबांनी विचारलं.

“मी.”

“हं,” बाबा म्हणाले आणि त्यांनी पाण्याचा पेला उचलला.

त्या दुपारी तळ्याकाठच्या लांब सरळ रस्त्यावर ती म्हणाली, “डॉक्टर, जरा इकडे बसा. मी चालवते.”

त्याचा चेहरा क्षणभर पडला. पण तो उतरला आणि फिरून डावीकडे येऊन बसला.

तिने गिअर टाकला. तळ्यावर धुक्याचा पातळ पदर होता आणि काठाची बदकं त्यात अर्धी बुडाल्यासारखी दिसत होती. रस्ता मोकळा होता. तिने स्टिअरिंगवरची पकड सैल केली, मग हात एक बोटभर वर उचलले. जीप दोरी लावल्यासारखी सरळ गेली. खड्ड्यातून गेली, सरळ निघाली. दगडावरून गेली, सरळ निघाली.

डॉक्टर तळ्याकडे बघत होता. त्याचे कान लाल झाले होते.

“डॉक्टर, गाडी सरळ जातेय.”

“हो...” तो म्हणाला. “तुमच्या हाताला गुण आहे.”

एरवी ती हसली असती. तिने जीप थांबवली.

“किती वेळा मी हिच्याखाली गेले, माहितीये? चिखलात आडवी पडून तेच वेल्डिंग पुन्हा पुन्हा बघत होते. मला वाटलं, माझ्या हाताने काहीतरी चुकलंय. तुम्ही त्याच घाटातून जाणार, आणि माझ्या हातून...” तिने इंजिन बंद केलं. “जेवण जात नव्हतं मला.”

त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं, आणि आपण काय केलं ते त्याला तेव्हा कळलं.

“मला तसं...” तो म्हणाला. “मला फक्त...”

“जीप झालीये,” ती म्हणाली. “तुमचे कळप वर पोहोचत असतील. तुम्ही जा.”

ती उतरली आणि तळ्याच्या काठाने चालत गॅरेजकडे निघाली. तो बराच वेळ जीप हळूहळू तिच्या मागून आणत राहिला, पण बोलावण्याचा धीर त्याला झाला नाही. दुसऱ्या दिवशी तो वर गेला.

त्यानंतर गॅरेजमध्ये काम भरपूर होतं, पण धाकटीचं मन त्यात नव्हतं. राग तिचा तिलाच नीट कळत नव्हता. सकाळी तो डॉक्टरवर असायचा, दुपारपर्यंत फिरून तिच्याकडेच यायचा. डोंगर दिवसभर समोर दिसायचा, खिंड मात्र ढगात असायची. बाबा काही विचारत नसत. एकदा फक्त म्हणाले, “तिकडे बघत पाना फिरवू नकोस. बोट सापडेल.”

मग एका सकाळी गॅरेजचा फोन वाजला. पलीकडे नुसता वारा होता आणि त्या वाऱ्यात तुटक तुटक त्याचा आवाज.

“मी बोलतोय... स्टिअरिंग ओढतंय.”

“कुठल्या बाजूला?”

“डावीकडे,” तो म्हणाला.

धाकटीने डोळे मिटून घेतले. “डॉक्टर, ती गंमत एकदा झाली.”

“नाही, या वेळी खरंच... ओढ्यातला दगड...” वाऱ्याने पुढचे शब्द उडवून नेले.

“मी येणार नाही.”

वारा वाहत राहिला.

“बरोबर आहे तुमचं,” तो म्हणाला. आवाजात कुरबूर नव्हती, लाडीगोडी नव्हती. “मीच येतो मग.”

फोन बंद झाला. धाकटीने तो ठेवला आणि पुन्हा पाना उचलला.

“काय म्हणाला?” बाबांनी विचारलं.

“स्टिअरिंग ओढतंय म्हणे. आणि मीच येतो म्हणाला.”

“जीप घेऊन?”

धाकटीचा हात जागीच थांबला. खोटं असेल तर काहीच बिघडत नव्हतं. पण खरं असेल तर तो बिघडलेलं स्टिअरिंग घेऊन घाट उतरायला निघाला होता... तिच्याच शब्दावर. तिने परत फोन लावून पाहिला. तो लागेना.

बाबांनी गॅरेजच्या पिकअपची किल्ली आधीच पुढे धरली होती.

घाट चढताना तिने प्रत्येक वळणावर हॉर्न वाजवला आणि प्रत्येक वळणावर कान देऊन ऐकलं. धुकं इतकं दाट होतं, की पिकअपचा बॉनेटसुद्धा पुसट दिसत होता. उजवीकडे ओला कातळ, डावीकडे पांढरी पोकळी. वरून कुठूनतरी चाकाखाली खडी चिरडल्याचा आवाज येईल, एक काळसर आकार कडेकडेने सरकत येईल, असं तिला सारखं वाटत होतं. जीप कशी कलते, त्याची मनगटं ती कशी सावरतात, हे तिला पाठ होतं, आणि त्या क्षणी ते पाठ नसतं तर बरं झालं असतं असं तिला वाटलं.

एका वळणावर खरंच एक आकार दिसला. पण तो जीपचा नव्हता. खांद्याला औषधांची पिशवी, डोक्यावर ओला रुमाल, आणि रस्त्याच्या अगदी आतल्या बाजूने सावकाश चालत येणारा माणूस.

तिने ब्रेक दाबला आणि दार तसंच उघडं टाकून खाली उडी मारली.

“वेडा आहेस का तू? जीप कुठे आहे?”

तो जागच्या जागी थबकला. तिच्या तोंडून ‘तू’ त्याने पहिल्यांदाच ऐकलं होतं.

“वर आहे. ओढ्याच्या अलीकडे. चाकांना दगड लावून आलोय. दगडावर आदळली तेव्हापासून धड वळत नाही. चालवायचा धीर नाही झाला.”

“मग पायी कुठे निघालास?”

“तुमच्याकडे. तुम्ही येणार नाही म्हणालात.”

“इतक्या लांब?”

“उतार आहे,” तो म्हणाला.

धाकटी पिकअपच्या पायरीवर बसली. डॉक्टर जरा अंतर ठेवून त्याच पायरीवर बसला. झाडांवरून पाणी ठिबकत होतं.

“त्या दिवशी तळ्याकाठी मला सांगता आलं नाही,” तो म्हणाला. “मला तुमच्याबरोबर आणखी एक दुपार हवी होती. मग वाटलं, आणखी एक. तुमच्या कामाचं, तुमच्या मनाचं काय होईल, हे डोक्यातच आलं नाही. तोंडाने सांगता आलं असतं. तेवढं धैर्य नव्हतं, म्हणून स्टिअरिंग वळवत बसलो.”

धाकटी समोरच्या धुक्याकडे बघत होती.

“मी एक विचारू?” ती म्हणाली. “वेल्डिंगनंतर पहिल्याच दिवशी मी तुझ्याकडून गाडी चालवायला का नाही घेतली?”

“का?” त्याने विचारलं.

“गाडी तपासायची तर आधी स्वतः चालवून बघायची. मी गॅरेजमध्ये रांगत होते तेव्हापासून बाबांचं हे ऐकतेय. त्याच दिवशी घेतली असती तर तिथल्या तिथे कळलं असतं.”

“मग?”

“मग काय...” ती पुटपुटली. “शेजारी बसायला बरं वाटत होतं.”

त्याने वळून पाहिलं. तिने नाही पाहिलं. पण दोघांमधलं ते राखलेलं अंतर आता राहिलं नव्हतं, आणि ते नक्की कोण सरकल्यामुळे मिटलं, हे दोघांनाही सांगता आलं नसतं.

“म्हणजे राग...”

“राग आला होता. निम्मा तुझा, निम्मा माझा. तुझा निम्मा संपला.”

“आणि उरलेला?”

“तो माझा मी बघेन.”

जीपपाशी पोहोचल्यावर तिने खाली शिरून पाहिलं. या वेळी तक्रार खरी होती. चाकांना जोडणारी मोठी दांडी दगडाच्या तडाख्याने वाकली होती. वेल्डिंगच्या पट्टीला मात्र ओरखडाही नव्हता. तिने तिच्यावरून बोट फिरवलं आणि ते तसंच क्षणभर तिथे ठेवलं.

दांडी काढायची, दोन दगडांमध्ये धरून जॅकने दाबत दाबत सरळ करायची, परत बसवायची. सगळं होईपर्यंत धुकं विरत गेलं. ती मागेल तो पाना डॉक्टर देत होता, निम्मे चुकीचे देत होता. खाली पडल्या पडल्या तिला फक्त त्याचे बूट दिसत होते, आणि ते बूट कुठे कुठे सरकतात ते बघत काम करायला तिला बरं वाटत होतं. मग तिने स्वतः जीप चालवून पाहिली, पुढे नेली, मागे आणली, ओढ्यातून दोनदा फिरवली आणि मगच त्याच्या हातात दिली.

एवढ्यात वरच्या अंगाने मेंढ्यांचा एक कळप उतरला आणि रस्ताभर पसरला. जीप, पिकअप, दोघं माणसं, सगळ्यांना मधे घेऊन ती ओली, उबदार, बें-बें करणारी गर्दी वाहत राहिली. दोघांना जीपला पाठ टेकून उभं राहावं लागलं. ऊन पडलं होतं आणि लोकरीतून वाफा निघत होत्या. त्याने तिचा हात हातात घेतला. तो ग्रीसने माखलेला होता. “राहू दे,” ती म्हणाली, “घाण आहे.” त्याने सोडला नाही, आणि तिनेही ओढून घेतला नाही.

“गवत वाळेपर्यंत मी इथेच आहे,” तो म्हणाला. “सुट्टीला खाली येता येईल. तुला... चालेल?”

“कशाला येणार?”

तो नेहमीसारखं काहीतरी बोलणार होता. थांबला. “तुला भेटायला,” तो म्हणाला.

शेवटची मेंढी तिच्या पायाला अंग घासून पुढे गेली.

“ये मग,” धाकटी म्हणाली. “गाडी धड असली तरी ये.”

तो आला. पहिल्याच सुट्टीला, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून. जीप आवारात सरळ शिरली आणि जिथे थांबायची तिथे थांबली. धाकटी तेव्हा दूधवाल्याच्या गाडीखाली होती. बाहेर फक्त तिचे पाय दिसत होते.

“काय झालं हिला आता?” बाबांनी विचारलं.

“काही नाही. उत्तम चालते.”

“मग?”

डॉक्टरने त्या पायांकडे पाहिलं, मग बाबांकडे.

“धाकटीला भेटायला आलोय,” तो म्हणाला.

पाय हलायचे थांबले. बाबांनी डॉक्टरला शांतपणे वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग मान वळवून गाडीखाली आवाज दिला, “ऐकलंस का गं? गाडीला काही झालेलं नाही म्हणतायत.”

“ऐकलं,” खालून उत्तर आलं. थोडं थांबून, जरा वेगळ्याच आवाजात, “बसायला सांगा त्यांना. हात धुऊन येते.”

आणि त्या दिवशी धाकटीला हात धुवायला कधी नव्हे एवढा वेळ लागला.